नागेशअण्णांनी सांगितलं म्हणून ऐकलं

श्री. नागेशराव मोहिते यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या घरात, माझ्याच खुर्चीत बसले होते. नव्वदचे दशक नुकते सुरू झाले होते. बनशंकरीतल्या आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी सकाळी श्रवण मंडळ भरत असे. हे मंडळ मी स्थापन केले. पुण्याहून बदली होऊन आलो, तर बंगळुरात मराठी म्हणून कानावर पडायचे ते फक्त पत्नीचे. तेव्हा व्याख्याने, मुलाखती, कथाकथन, कीर्तने यांच्या कॅसेट जमवाव्यात, चार मराठी घरांनी एकत्र बसून त्या ऐकाव्यात आणि ऐकण्याजोगे काय आहे त्याची शिफारस मंडळाच्या परिपत्रकातून करावी, अशी माझी योजना होती. शिफारस अर्थातच मी करीत असे. त्या सकाळी टेपरेकॉर्डरची वायर आणायला आत गेलो आणि परत येतो तो हे गृहस्थ माझ्या जागी. मला पाहून अर्धवट उठत ते म्हणाले, "बसा की, बसा." म्हणजे माझ्या घरात मलाच.

चौकशीअंती कळले की ते आमच्याच कारखान्यात खरेदी विभागात आहेत. मी हिशेब विभागात. एकाच कँटीनमध्ये आम्ही जेवत होतो, पण ओळख नव्हती. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड मिसळलेले आणि लहानथोर सगळे त्यांना नागेशअण्णा म्हणणारे.

त्या दिवशी मी मराठी छंदांवरचे एक व्याख्यान लावले होते. तीन कॅसेट, अत्यंत मौलिक. शेवटी शेजारच्या सुलोचनाबाईंनी पाहुण्यांना शिष्टाचार म्हणून विचारले, "कसं वाटलं?"

"छान आहे, अक्का. पण तुम्ही दुसरी कॅसेट मधूनच लावा. त्यात ते आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या सांगतात. सुरुवातीचं राहू दे."

त्या आठवड्यात जो तो माझ्याकडे दुसरी कॅसेट मागायला येऊ लागला. पहिली आणि तिसरी कपाटात तशाच पडून राहिल्या. तेव्हा माझ्या पोटात जे दुखू लागले, ते आज त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीपर्यंत थांबलेले नाही. या गौरविकेत इतर मंडळी नागेशरावांच्या सद्गुणांविषयी लिहितीलच. मी त्यांचा हेवा करीत आलो आहे आणि हेवा करणाऱ्याला समोरच्याचे गुण जितके बारकाईने दिसतात तितके चाहत्याला दिसत नाहीत, एवढ्याच अधिकाराने मी लिहितो आहे.

पुढे श्रवण मंडळ माझ्याच घरी भरत राहिले, पण झाले त्यांचे. चिठ्ठी काढून कुणी ठरवले नव्हते. लोक चहा घेता घेता माझ्यासमोरून उठून त्यांच्याकडे जात आणि विचारत, "अण्णा, काय ऐकू?" माझे परिपत्रक टीपॉयवर असे. त्यावर कपबशा ठेवत.

नागेशरावांच्या कामाची पद्धत मी पुष्कळ दिवस पाळत ठेवून पाहिली आहे. पुण्यामुंबईला, सांगलीला, कोल्हापूरला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे ते लागत. मोठ्या वक्त्यांच्या विकतच्या कॅसेट तर ते आणवतच, पण गावोगावच्या व्याख्यानमालांत मांडवाखाली बसून कुणी हौसेने टेप केलेलेही मागवीत. त्यात खोकले, खुर्च्यांची सरकासरक, मध्येच वीज गेलेली, असे सगळे असे. कारखान्याच्या बसमध्ये जातायेता कानाला वॉकमन लावून ते हे सगळे ऐकत आणि त्यातले बहुतेक परत करून टाकत. "तांदूळ निवडायचे म्हटल्यावर खडे बघावे लागतातच की," असे ते म्हणत. मी निवडलेल्या कॅसेटही त्यांनी या हिशेबात धरल्या होत्या का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

आणि शिफारस करताना ते कॅसेटविषयी बोलतच नसत. समोरच्या माणसाला विचारत. केतकी नावाची मुलगी नागपूरहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आली होती. मारतहळ्ळीला राहायची, आणि त्या वेळी मारतहळ्ळीला शेते जास्त व घरे कमी. मंडळात आली की गप्प बसायची. मी तिला विदर्भाच्या वाङ्मयीन परंपरेवरचे एक व्याख्यान दिले. तिने ते आदराने नेले आणि आदराने परत आणले. नागेशरावांनी तिला विचारले, "घरची आठवण येते तेव्हा आधी काय आठवतं?" ती म्हणाली, "सकाळी बाबा रेडिओ लावतात न, तो आवाज." पुढच्या महिन्यात त्यांनी कुठून तरी मिळवून तिला एक कॅसेट दिली. तिच्यात नागपूरच्या रेडिओवरचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम होता. संत्र्यावरची कीड, तिच्यावर फवारणी आणि कापसाचे बाजारभाव. ही मुलगी त्यानंतर श्रवण मंडळात इतकी बोलू लागली की तिला आवरावे लागे. कीडनियंत्रणावरची कॅसेट कुणाला सुचेल? मला तरी जन्मात सुचली नसती आणि याचा मला आजही राग येतो.

घरातली गोष्टही सांगून टाकतो. आमच्या मालतीबाई, म्हणजे माझी पत्नी, स्वयंपाक करताना कॅसेट ऐकते. एका संध्याकाळी कारखान्यातून आलो तर आतून हसण्याचा आवाज. जाऊन पाहतो तो ही एकटीच पोळ्या लाटत होती, टेपवर कुणी कथाकथनकार कऱ्हाडकडच्या बोलीत म्हशीच्या सौद्याची गोष्ट सांगत होते आणि हिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मी विचारले, "ही कुणी दिली?" ती म्हणाली, "अण्णांनी." मी म्हटले, "मी सांगितलेलं तू कधी ऐकलंस का?" यावर तिने दिलेले उत्तर माझ्या मनात घर करून आहे. "तुम्ही सांगता ते चांगलंच असतं हो. पण ते सांगतात ते मी ऐकते."

त्या दिवसापासून मी नागेशरावांच्या मागे हात धुऊन लागलो. त्यांनी ज्याला जी कॅसेट दिली, ती त्याच्याकडून परत आली की मी मागून घेई. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐके. कुठे वक्ता घसरला, कुठे संदर्भ चुकला, कुठे निवेदन रटाळ झाले, ते हेरून ठेवी आणि सोमवारी कँटीनमध्ये त्यांच्या समोर बसून सांगे. ते भाताचा घास खाली ठेवून नीट ऐकत आणि म्हणत, "सरी, ठीक आहे. बरोबर आहे तुमचं." त्यांनी एकदा तरी चिडावे, एवढीच माझी इच्छा होती. नाहीच चिडले तर निदान "बापट, तुम्हीच सांगा, मी काय ऐकू?" असे एकदा विचारावे, ही त्याहून मोठी. पहिली इच्छा मी सर्वांना बोलून दाखवीत असे. दुसरी आज प्रथमच लिहितो आहे.

एकदा मात्र ते खरोखर चुकले. आनेकलला आमचे एक सभासद शिंदे राहतात. त्यांच्या वृद्ध मातोश्री अत्यंत सोवळ्या. त्यांच्यासाठी नागेशरावांनी एका जुन्या कीर्तनाची कॅसेट पाठवली. नंतर तिची दुसरी प्रत माझ्या हाती आली. मी ती उलटून लावली आणि आनंदाने उभाच राहिलो. मागच्या बाजूला कीर्तन नव्हतेच, तमाशाच्या फडातली लावणी होती. कुणीतरी एकाच कॅसेटवर दोन्ही भरून टाकले होते आणि नागेशरावांनी ती बाजू ऐकलीच नव्हती. त्याच रविवारी मी आनेकलची बस पकडली. नागेशरावांच्या वतीने दिलगिरी व्यक्त करावी आणि आजींचा संताप डोळे भरून पाहावा, असा माझा दुहेरी हेतू होता.

आजी ओसरीवर माळ ओढीत बसल्या होत्या. मी घसा साफ करून म्हटले, "आजी, त्या कॅसेटच्या मागच्या बाजूबद्दल..."

त्यांनी आधी सुनेचा कानोसा घेतला. मग मला जवळ बोलावले आणि हळूच म्हणाल्या, "त्यातलं आणखी आहे का रे? कीर्तन मला पाठ आहे. स्वल्प, जरा अण्णांना सांग, दोन्ही बाजूंना तसलंच भरून दे म्हणावं."

मी बसमधून परत येताना काय अवस्थेत होतो, ते वाचकांनी समजून घ्यावे. या गृहस्थांच्या चुकाही बरोबर पत्त्यावर पोचतात. निरोप मी दिला. नागेशराव दोन दिवस हसत होते आणि आजींची कॅसेट त्यांनी त्याच आठवड्यात भरून पाठवली.

या गौरविकेसाठी संपादकांनी मला लेख मागितला तेव्हा मी स्पष्ट नकार दिला. दुसऱ्या दिवशी नागेशराव स्वतः घरी आले. या वेळी ते माझ्या खुर्चीत बसले नाहीत.

"तुमचं नाव मीच सुचवलं," ते म्हणाले. "तुम्हीच लिहा."

"मीच का? बाकी सगळ्यांचा तुमच्यावर जीव आहे."

"असू दे की. त्यांना मी एखादी कॅसेट सांगितली की ते थोडं ऐकतात, छान आहे म्हणतात, परत देतात. तुम्ही दर खेपेला शेवटपर्यंत ऐकून आलात, बापट. माझ्या सांगण्यावरून तुमच्याइतकं कुणीच ऐकलेलं नाही."

स्वयंपाकघरात मालतीबाईंच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. इतकी वर्षे मी ज्यांना पाण्यात पाहत होतो, त्यांचा सर्वांत निष्ठावान श्रोता मीच निघालो होतो.

निघताना दारात चपला घालता घालता ते थांबले. "आता रिटायर झालो. आजवर ऐकलं ते सगळं दुसऱ्या कुणासाठी. माझ्यासाठी काय ऐकू, ते कधी कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगा की."

ज्या प्रश्नाची मी इतकी वर्षे वाट पाहिली, तो असा उंबरठ्यावर उभ्याउभ्या आला. आणि परिपत्रकांवर परिपत्रके भरून काढणाऱ्या माझ्या तोंडून एक नाव निघाले नाही. त्यांनी निवडलेल्या प्रत्येक कॅसेटमधला दोष मला तोंडपाठ आहे, पण त्यांना स्वतःला काय आवडते, ते मला ठाऊक नव्हते. "सरी, सावकाश सांगा," असे म्हणून ते गेले.

तेव्हापासून मी रोज कपाट उघडून बसतो. एक कॅसेट लावतो, ऐकतो आणि हे त्यांच्यासाठी नव्हे, असे म्हणून बाजूला ठेवतो. "अहो, त्यांनाच विचारा ना काय आवडतं," असे मालतीबाई म्हणतात. विचारणार नाही. त्यांनी लोकांना विचारून शोधले असेल, मी न विचारता शोधीन. म्हणून नागेशरावांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि दोन्ही कान असेच तिखट राहोत, अशी मी परमेश्वराची मनापासून प्रार्थना करतो. या ग्रंथात इतकी स्वार्थी प्रार्थना दुसऱ्या कुणीही केली नसेल. मला अजून काहीच सापडलेले नाही आणि वेळ पुष्कळ लागणार आहे.