पंचवीस पटीचं ब्लँकेट

मदत खात्याच्या खरेदी विभागातला हा कारकून इतका किडकिडीत की सगळं ऑफिस त्याला टाचणी म्हणायचं, आणि तोही त्या नावाला बिनतक्रार ओ द्यायचा. बावीस वर्षांत तो खुर्चीत स्वस्थ बसलेला कुणी पाहिला नव्हता. त्याचा गुडघा हलायला लागला की शेजारच्या टेबलावरच्या चहात लाटा उठत. ही अस्वस्थता जन्मजातच. पण सोमवारपासून तिला कारणही मिळालं होतं.

कारण म्हणजे एक वर्तुळ. सरकारने खात्याची सगळी खरेदी लोकांसाठी वेबसाइटवर मांडली होती. प्रत्येक खरेदीचं एक वर्तुळ. बाजारभावाच्या जितके पट दर, तितकं ते मोठं. बोट ठेवलं की वस्तू, दर, नोंद करणारा, मंजुरी देणारा, सगळं उघडं. ब्लँकेटांचं लालबुंद वर्तुळ अख्खा पडदा व्यापून बसलं होतं आणि बाकीची खरेदी त्याच्याभोवती मोहरीसारखी सांडली होती. नोंद करणारा: टाचणी. तेही खऱ्या नावाने, आडनावासकट.

त्याला ही बातमी न्हाव्याने दिली, गळ्यावर वस्तरा ठेवून.

"हलू नका. तुमचं ब्लँकेट पंचवीस पट महाग आहे म्हणे. आतून गरम पाणी फिरतं का?"

झालं होतं एवढंच: गोदामात ब्लँकेटं गठ्ठ्याने येत, गठ्ठ्यात पंचवीस. रजिस्टरात टाचणी नुसता आकडा लिहायचा. गठ्ठे की नग, हे विचारणारा अजून जन्मला नव्हता. वेबसाइटने विचारलं, पण तिथे आधीपासूनच 'नग' निवडलेलं होतं. टाचणीने गठ्ठ्याचा दर भरला आणि पुढे सरकला.

घरी बायको म्हणाली, "खालच्या वहिनी विचारत होत्या, किती आणलीत घरी. मी आपलं आहे ते दाखवलं, मधोमध भोक पडलेलं."

"मग?"

"म्हणाल्या, हुशार आहेत हो तुमचे. काही दिसू देत नाहीत."

मंगळवारी त्याने दुरुस्तीचा अर्ज भरला. शेवटचं बटण दाबण्याआधी दुरुस्तीनंतरचं चित्र बघता येई. त्याने बघितलं. ब्लँकेटाचा ठिपका झाला, आणि तो राक्षस गेल्यावर उरलेल्यांतलं सर्वांत मोठं वर्तुळ त्याच्या जागी फुगून पडदाभर पसरलं. तंबू. चौपट दर. नोंद टाचणीचीच, साहेबांनी दर लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून, अगदी बिनचूक. मंजुरी देणारे: साहेब.

सरळ माणूस, तो हे दाखवायला साहेबांकडे गेला.

"बसा," साहेब म्हणाले. बावीस वर्षांत हा शब्द त्या खोलीत टाचणीने पहिल्यांदा ऐकला. "घाई काय आहे? लोकांना वेबसाइटवर प्रश्न विचारायची मुदत शुक्रवारी पाचला संपते. सोमवारी करा दुरुस्ती. नजरचुकीने झालं असं मी स्वतः लिहून देतो."

"तोवर लोक मला चोर म्हणतायत, साहेब."

"म्हणू देत हो. तुम्ही चोर नाही हे मला माहीत आहे ना."

"तंबू चौपट का, साहेब?"

"उंच आहेत," साहेब म्हणाले आणि फोनकडे वळले.

बुधवार-गुरुवार टाचणीने पाणी पिण्यात आणि पाणी प्यायला उठण्यात काढले. न्हाव्याकडे जाणं टाळल्यामुळे दाढीचे खुंट वाढले, आणि शेजारच्या टेबलवाल्याने चहा हातात धरून प्यायला सुरुवात केली. नोकरीची आठ वर्षं बाकी होती. ती साहेबांच्या हातात होती. नाव मात्र पडद्यावर, सगळ्या गावाच्या बोटाखाली.

शुक्रवारी अकराला त्याने बटण दाबलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'गठ्ठ्याचा दर नगाला लागला होता. चूक माझी.' लाल वर्तुळ विरलं. तंबू फुगले.

वीस मिनिटांत पहिला प्रश्न आला, न्हाव्याच्या नावाने: 'या तंबूला दोन मजले आहेत काय?' त्याच्यामागे आणखी तीन. मग नऊ.

साहेबांची घंटा वाजली. टाचणीने तंबूंची फाईल काढली. साहेबांची ती चिठ्ठी पहिल्या पानाला टोचलेली जागेवर आहे ना, हे बघितलं, आणि उठायला गेला, तर तो मघापासून उभाच होता.