चिमाबाईने मागितलेली गोष्ट

सत्यवतीची सकाळची प्रार्थना शेजारच्या पडवीपर्यंत ऐकू जायची. डोळे मिटलेले देवासाठी, पण बोलणं सगळं सासूला. आदल्या दिवशी चिमाबाईने कालवणाला नाव ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी हात जोडून, "हे बापा, या घरातल्या कुरकुरीची क्षमा कर," हे ठरलेलंच. आणि म्हातारी काय करायची? मोठ्याने "आमेन" म्हणायची. तेही अगदी मनापासून! सत्यवतीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

रत्नागिरीत ख्रिस्ती घरं ती किती असणार! त्यांतलंच हे एक, चिऱ्याच्या भिंतींचं, मागे माड असलेलं. सत्यवती चर्चच्या बालवाडीत बाई होती. नवरा शांतवन मुंबईला गोदीत. नाताळला यायचा आणि मे महिन्यात यायचा, बस्स. मूलबाळ झालं नाही. त्यामुळे बाराही महिने घरात या दोघीच, एकमेकींच्या तोंडाकडे बघत.

चिमाबाई मूळची बुरोंडीची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला, पण नाव जुनंच ठेवलं. अक्षरओळख नाही. म्हणून रोज सकाळी ती पदराला हात पुसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उचलायची, कपाळाला लावायची आणि सुनेच्या हातात द्यायची. सून वाचणार, सासू ऐकणार. वाचून झालं की सत्यवती बालवाडीला पळायची आणि काय वाचलं ते फाटकापर्यंत विसरून जायची. म्हातारी मात्र त्यातलं एखादंच वाक्य धरून ठेवायची. तांदूळ निवडताना तेच पुटपुटायची. संध्याकाळी सून दमून घरात शिरते न शिरते तोच विचारायची, "गो सत्या, चिंता करू नका म्हणून सकाळी वाचलंस, ते आपल्यासारख्यांनाच ना गो?" सत्यवतीला वाटायचं, काय हा पोरकटपणा! वाचलं ते संपलं, आता चहा टाकू की नको?

आपण शास्त्र क्रमाने वाचतो, असं सत्यवती चारचौघांत सांगायची. कसला क्रम नि कसलं काय! घरात वाजलं की दुसऱ्या दिवशी जिभेला आवर घालण्याचा भाग निघायचा. म्हातारी शेजारणीपाशी काही बोलून आली की चहाडखोरांचा निघायचा. चिमाबाई एवढंच म्हणायची, "काल कुठं होतो नि आज कुठं आलो गो आपण?" आणि गालातल्या गालात हसायची. तिला सगळं कळत असणार. सत्यवतीला मात्र वाटायचं की म्हातारीला काही कळत नाही.

चौऱ्याऐंशीच्या नाताळात शांतवन आला तो बातमी घेऊनच. कुर्ल्याला खोली मिळण्यासारखी होती. सत्यवतीच्या जिवात जीव आला. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण नवऱ्याबरोबर सलग संसार म्हणून तिने केला नव्हता. तिने मनातल्या मनात त्या खोलीला पडदेसुद्धा लावून टाकले. पण चिमाबाई म्हणाली, "मी नाय यायची, बाबा. तुझ्या बापाला इथल्या मातीत ठेवलाय, मलापण त्याच्या शेजारीच ठेवा." म्हातारीला एकटी टाकून जाणार कसं? रजा संपली तसा शांतवन एकटाच निघून गेला.

त्या दिवसापासून सत्यवती प्रार्थनेच्या शेवटी म्हणू लागली, "बापा, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." तोंडाने हे, आणि मनात ट्रंक भरून तयार.

नेमकं तेव्हाच म्हातारीने मागणं काढलं.

"गो बाय, ती सुनेची गोष्ट वाच ना. ती परमुलखातली सून. नवरा मेला तरी सासूला सोडून गेली नाय ती."

सत्यवतीला ते असं झोंबलं म्हणता! ही गोष्ट तिला लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवली होती. सासू म्हणते, माहेरी परत जा. सून म्हणते, तुझी वाट तीच माझी वाट. म्हणजे टोमणाच की हा! मला जाऊ द्यायचं नाही, तर सरळ सांगा ना. शास्त्राच्या आडून कशाला? हे तिच्या मनात आलं, आणि रोज स्वतः आपण काय करतो हे काही आलं नाही.

"क्रमाने येईल तेव्हा वाचू, आई," ती म्हणाली.

वाचता वाचता ती गोष्ट आलीही. पानं ती किती, उगीच चार! सत्यवतीने ती दोन बोटांत धरली आणि उलटली. समोर बसलेल्या चिमाबाईला काय कळणार! पुढे म्हातारीने अधूनमधून विचारलं, "अजून आली नाय गो ती?" आणि सत्यवतीने शास्त्र मांडीवर घेऊन सांगितलं, "नाही आली."

पुढच्या थंडीत चिमाबाईच्या छातीत कफ धरला आणि तिने अंथरूण धरलं. आता शास्त्र उचलून कपाळाला लावण्याचंही त्राण नव्हतं. सत्यवतीने औषधपाणी केलं, रात्री जागवल्या, कुठे म्हणून कमी पडू दिलं नाही. पण म्हातारीने हाताने खूण करून "सुनेची..." म्हटलं, तेव्हा तिने आजारपणात धीर धरण्याविषयीचा भाग वाचला. तिला वाटलं, या वेळेला हाच योग्य. चिमाबाईने ऐकून घेतलं आणि पुटपुटली, "आमेन." तेच तिचं शेवटचं आमेन.

दफन झालं. चर्चचे पाळक येऊन प्रार्थना करून गेले. शांतवन म्हणाला, "आता इथे काय राहिलंय? खोली झालीय, चल." सत्यवतीने देवाकडे मागितलं होतं ते सगळं तिच्या पदरात पडलं होतं, आणि ट्रंक रिकामीच पडून होती.

आवराआवर चालू असताना मिरकरवाड्याची हौसा मासळीची पाटी घेऊन आली. चिमाबाईचं आणि तिचं पायरीवर बसून तासन्‌तास चालायचं. पाटी उतरवून ती रडायलाच लागली.

"तुझं किती सांगायची गो म्हातारी! आमच्या पुस्तकात लिवलंय म्हणायची, अशी सून सात लेकांपेक्षा जास्त. माझी सत्या तशीच हाय म्हणायची. मी म्हटलं, मग तिला सांग की एकदा. तर म्हणते, मला तोंडावर सांगता येत नाय गो. ती वाचील तेव्हा तिचं तिलाच कळेल."

सत्यवती आत गेली. ती चार पानं तिने काढली. सुरुवात तिला पाठ होती. शेवटाकडे ती कधी वळलीच नव्हती. शेवटी त्या म्हाताऱ्या सासूभोवती गावच्या बाया जमतात आणि तिला सांगतात की तुझ्यावर माया करणारी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. सत्यवतीने ते पुन्हा वाचलं. टोमणा कुठेच नव्हता. म्हातारी तिला अडवत नव्हती, तिचं कौतुक करायला बघत होती. ते तिला सुनेच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं, कारण वाचणारं दुसरं तोंड तिच्याकडे नव्हतं.

बाहेरून हौसा म्हणाली, "तू ते वाचून दाखवलंस तेव्हा काय म्हणाली गो म्हातारी?"

"वाचलंच नाही, हौसा. ती मागत राहिली आणि मी पानं उलटत राहिले."

हौसाने पाटी उचलली आणि ती गेली.

सत्यवती मुंबईला गेली. कुर्ल्याच्या खोलीत ती रोज शास्त्र आधी कपाळाला लावायची. वाचायची थोडंसंच, आणि दिवसभर तेवढंच घोळवायची. प्रार्थना इतकी हळू की शेजारी बसलेल्या शांतवनलासुद्धा ऐकू येऊ नये. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो म्हणायची तेव्हा मनात कुठलीही ट्रंक भरलेली नसायची. भरण्याची हौसच गेली होती. आता मात्र ती खरोखर क्रमानेच वाचायची. ती चार पानं आली की पुस्तक शांतवनकडे द्यायची आणि समोर मांडी घालून ऐकायला बसायची. वाचून झालं की शांतवन तिच्याकडे बघत थांबायचा. आमेन तिने म्हणायचं असायचं, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.