लाल टॅग

"अण्णांना कशाला विचारायचं? उगाच घाबरतील," काका पडद्याच्या अलीकडे म्हणाले. पडदा पातळ होता. पलीकडे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, टक्क डोळे उघडून पंख्याकडे बघत होते. मी फटीत उभी होते, त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसत होत्या.

सकाळी राउंडला डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आजोबांची फुप्फुसं आता सुधारणार नाहीत. पुन्हा जोरात धाप लागली, तर घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं, की नळीशिवाय त्रास कमी करणारी औषधं देऊन घरी न्यायचं, हे पाच वाजेपर्यंत कळवा. नळी एकदा घातली की ती निघेलच, असं नाही.

काका निगडीत त्यांच्या सोसायटीचे चेअरमन आहेत. त्यांनी ताबडतोब लिफ्टसमोर मीटिंग बोलावली. आत्या तळेगावहून डबा घेऊन आली होती. बाबा चाकणला शिफ्टवर होते. त्यांनी "दादा म्हणेल तसं" म्हणून फोन ठेवला. मला कोरमसाठी उभं केलं.

"नळी नको म्हटलं तर लोक म्हणतील, पोरांनी हात आखडला," आत्या म्हणाली.

"मग नळी."

"पण बारीक साइजची सांग. घसा नाजूक आहे अण्णांचा. चकलीसुद्धा टोचते त्यांना."

"अगं, ब्लाउज शिवायला टाकतोय का आपण?"

"विचारायला काय जातं तुझं?"

काकांनी खिशातून डायरी काढली. "हात वर करा." त्याच वेळी फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पाय उचला." थोडा गोंधळ झाला. आत्याच्या उजव्या हातात डबा होता, म्हणून तिने डावा हात वर केला. काकांनी तो ग्राह्य धरला. माझा हात ओढणीतच राहिला. काकांनी लिहिलं, 'एक तटस्थ.'

तरी आत्याला राहवलं नाही. ती आत डोकावली.

"अण्णा, झोपलात ना?"

"हो," आजोबा म्हणाले.

"झोपलेत," तिने बाहेर येऊन सांगितलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझ्या पर्समध्ये, बसच्या पासामागे, तेव्हा एक लाल टॅग होता.

आजोबांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून झाली. पार्ट तपासायचा आणि त्याला टॅग बांधायचा: हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड. रिटायर होताना त्यांनी उरलेले टॅग घरी आणले. संत तुकाराम नगरच्या आमच्या घरात अजून दुधीला पिवळा टॅग लागलेला असतो, कारण तो आज करायचा की उद्या हे आईचं ठरलेलं नसतं.

दोन महिन्यांपूर्वी, पहिल्यांदा ॲडमिट होऊन घरी आल्यावर, त्यांनी मला बोलावून लाल टॅग आणि पेन दिलं.

"इंग्रजीत लिही. तू इंग्रजी शाळेतली. डॉक्टर लोक इंग्रजी नीट वाचतात."

घरातले सगळे फॉर्म मीच भरते. मला वाटलं, तसलंच काही असेल. ते सांगू लागले: घशात नळी नको, मशीन नको, शेवट घरी. मी लिहायची थांबले.

"थांबलीस काय? वाईट असतो तो पिवळा टॅग. रिजेक्ट म्हणायला सही लागते, पास म्हणायलाही लागते. सही कुणालाच करायची नसते, मग पार्ट पिवळा टॅग लावून रॅकवर धूळ खात पडतो. मला रॅकवर ठेवू देऊ नकोस."

मग त्यांनी इन्स्पेक्शनचा जुना शिक्का उमटवला. शाई वाळली होती म्हणून आधी त्यावर दोनदा फुंकर मारली, आणि त्याची त्यांना धाप लागली. 'कारण' या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं: नॉर्मल झीज.

मी तो टॅग कुणाला दाखवला नाही. आधी लाज वाटली, मग भीती. अक्षर माझं होतं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, हिनेच ठरवलं.

पाच वाजता डॉक्टर आले. सगळे पलंगाभोवती उभे राहिलो. काकांनी घसा साफ करून डायरी उघडली. "ठराव असा, की पेशंटला नळी घालण्यात यावी. दोन विरुद्ध शून्य, एक तटस्थ."

"साइजचं विचार," आत्या कुजबुजली.

डॉक्टर फाइलमध्ये लिहू लागले. आजोबांनी मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं. मग चादरीवर दोन बोटांनी हवेतल्या हवेत गाठ मारली, पार्टला टॅग बांधतात तशी. आणि आत्याचं लक्ष गेल्याबरोबर डोळे मिटून घेतले.

मी पर्स उघडली. पास खाली पडला, तो उचलला. टॅगचा दोरा सलाइनच्या स्टँडला बांधायला मला तीनदा प्रयत्न करावा लागला. सगळे बघत होते. शाळेत हजेरीलासुद्धा मी इतकं हळू बोलायचे की बाई दोनदा नाव घ्यायच्या. या वेळी आवाज शेजारच्या पेशंटलाही ऐकू गेला.

"काका, तटस्थ खोडा. आणि डॉक्टर, आजोबा झोपलेले नाहीत, त्यांनाच विचारा."