तांब्याभर पाण्याचं तिकीट

मी एका माहितीपटात दिसतो. हुरळून जाऊ नका, जेमतेम मिनिटभर. बीड जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या फुटबॉल क्लबवर तो केलाय. त्या कारखान्याच्या वसाहतीत माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि मी क्लबचा गोलकीपर. दुष्काळात ऊस गेला, उसामागं कारखाना, कारखान्यामागं आमचं दुकान. आम्ही पुण्याला आलो. आता आई-वडीलही नाहीत, मी एकटाच राहतो. अकरा वर्षांत गावाकडं फिरकलो नव्हतो. दिग्दर्शिकाबाईंनी माझ्या फ्लॅटमध्ये कॅमेरा लावून विचारलं, "क्लब अजून आहे का?" आणि मी, कुणाला एक साधा फोनही न करता, डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, "तिथं आता कोणी नाही."

मे महिन्यात विष्णूचा फोन आला. विष्णू म्हणजे आमचा तेव्हाचा सेंटर फॉरवर्ड.

"आपला पिच्चर गावात दाखवायलोत. तू बी हायस म्हनं त्यात. ये बे!"

त्यांनी अजून बघितलाच नव्हता. काहीतरी कारण सांगून टाळणं सोपं होतं, आणि टाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण ते वाक्य ऐकल्यावरही ही माणसं मला आपला म्हणतील का, हे कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. शेवटी सॅक भरली.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगतो. पुण्याहून नगर, आष्टीमार्गे बीडची एसटी पकडा. सहा-सात तास धरून चाला. मे महिन्यात खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होऊ नका, वारा भट्टीतून आल्यासारखा येतो. डोक्याला पंचा हवाच. आष्टीच्या स्टँडवर चहा गोडमिट्ट आणि भजी गरम, दोन्ही घ्या. शेजारच्या सीटवरचे आजोबा तिथंच उतरणार होते. उतरता उतरता त्यांनी विचारलं, "कुठं निघालात?"

"गावाकडं."

"कोन हाय तिथं?"

मी नुसताच हसलो. ते पिशवी सावरत उतरून गेले, आणि पुढचा सगळा रस्ता मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसलो.

बीडमध्ये लॉजवर उतरलो. विष्णू म्हणाला होता, "घरी ऱ्हा की." पण चोराच्या मनात चांदणं. त्याची भाकरी खाऊन दुसऱ्या दिवशी ते वाक्य त्याच्या कानावर घालायचं, हे काही मला झेपलं नसतं. लॉज बरा आहे, कूलर आवाज जास्त करतो आणि गारवा कमी देतो. पाणी दिवसाला दोन बादल्या. जास्त मागू नका, मालक वाद घालत नाही, नुसता तुमच्याकडं बघतो.

सकाळी जीपनं चौसाळा. तिथं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ठेचा असं पोटभर खाल्लं. तिथून आतल्या रस्त्यानं दुसरी जीप, जी भरल्याशिवाय हलत नाही. भरली म्हणजे किती, ते विचारू नका. रस्त्यात पाण्याचा टँकर दिसला आणि त्याच्यामागं घागरींची रांग. दर चौथ्या दिवशी एक टँकर येतो, असं ड्रायव्हर म्हणाला.

कारखान्याचं साखरेचं गोदाम अजून उभं आहे. भर दुपारीही आत अंधार, म्हणून माहितीपट तिथं. जनरेटर दूध संस्थेचा, पडदा म्हणून पांढरी चादर. विष्णूनं मला मिठी मारली आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मागं बसायचं म्हटलं तर ऐकेना.

सुरुवातीला धमाल आली. पडद्यावर उदास बासरी, ओसाड मैदान, गोलपोस्टाशी चरणाऱ्या शेळ्या. "अगं, ही माझी शेळी!" एक बाई ओरडली आणि गोदाम खदखदलं. मग बिनजाळीचा गोलपोस्ट दिसला. निवेदक जड आवाजात म्हणाला की, क्लबसारखीच जाळीही काळानं हिरावली.

"अरं, जाळी आमच्यासंगं गेलती!" विष्णू उभाच राहिला. "ट्रॉलीवरचा संसार कशानं बांधायचा मग?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवाळीनंतर हे गाव ऊसतोडीला पश्चिमेकडं जातं. अकरापैकी नऊ खेळाडू बायकांसह कोयत्यावर जातात. जाताना गोलची जाळी सोडून ट्रॉलीतल्या भांड्याकुंड्यांवर आवळतात आणि उन्हाळ्यात परतल्यावर पुन्हा गोलला लावतात. चित्रीकरण झालं होतं जानेवारीत. बाईंना हे ठाऊक नसणं समजू शकतो. मी तर याच गावात वाढलेला.

मग मी आलो. माझा फ्लॅट, माझे ओले डोळे. "तिथं आता कोणी नाही."

कुणी हसलं नाही. मागून शेवंताकाकू बोलल्या. यांचे यजमान बॉयलरवर होते, मला लहानपणापासून ओळखतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आमी कोन हाव रं, महेश?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मॅच होती, केजच्या टीमशी. मैदानाला भिंत नाही, फक्त चुन्याची रेघ. रेघेशी एक निळं पिंप आणि पिंपाशी शेवंताकाकू. येणारा प्रत्येक जण तांब्याभर पाणी पिंपात ओतून आत जात होता. पाणी गढूळ, भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं. मॅचआधी ते गोलपुढं शिंपडतात, म्हणजे गोलकीपरला मुरमावर झेप घेताना सोलपटायला होत नाही. हेच इथलं तिकीट.

ही रीत माझ्यामुळं पडलेली. सतराव्या वर्षी माझी मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत सोलली होती, तेव्हा याच काकूंनी धुण्याची बादली आणून गोलपुढं ओतली. मला वाटलं होतं, मी गेल्यावर ते थांबलं असेल.

मी चौसाळ्यात घेतलेली सीलबंद बाटली पुढं केली. काकूंनी हात आडवा केला.

"हे प्यायचं हाय. प्यायचं पानी मातीत वतीत न्हाईत. घरचं वापरलेलं आन."

"माझं घर कुठंय इथं, काकू?"

त्यांनी लिंबाकडं बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "तिकीट म्हंजे तिकीट, लेकरा. तिकडं लिंबाखाली सावली हाय."

तर मी रेघेबाहेर, लिंबाखाली बसून मॅच बघितली. नव्या गोलकीपरनं डावीकडं झेप घेऊन बॉल अडवला, ओल्या मातीवर घसरला आणि कपडे झटकत उठला. सगळे ओरडले. मीही ओरडलो, पण माझा आवाज मलाच परका वाटला. इतकं एकटं मला पुण्याच्या फ्लॅटमध्येही कधी वाटलं नव्हतं. आम्ही एक-शून्यनं हरलो. आम्ही म्हणजे ते.

जीपपर्यंत सोडायला विष्णू आला. चालता चालता म्हणाला, "का म्हून बोललास बे असं?"

"मला वाटलं, तुम्ही सगळे गेलात."

"गेलतो. पन दरसाल येतो की. तू न्हाई आलास."

पुण्याला परतल्यावर दिग्दर्शिकाबाईंना फोन केला. ते वाक्य काढता येईल का, विचारलं. त्या भल्या आहेत, पण माहितीपट पूर्ण झालाय, आता बदल होत नाहीत. म्हणजे ते राहणार, माझ्या तोंडून, कायमचं. म्हणून निदान इथं लिहितोय. तो माहितीपट बघितलात तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. तिथं माणसं आहेत. उन्हाळ्यात जा, आणि जाताना पाणी न्या, वापरलेलं.

परतलो त्या रात्रीपासून मी सिंकमध्ये तांब्या ठेवून विसळलेलं पाणी साठवू लागलो. एक ताट, एक वाटी, मूठभर तांदूळ. एकट्या माणसाचं पाणी लवकर साठत नाही. तांब्या भरायला तीन दिवस लागले. काल तो एका कॅनमध्ये ओतला, झाकण घट्ट लावलं आणि विष्णूला फोन केला. रविवारी मॅच आहे का, विचारलं.

"हाय की," तो म्हणाला. "पानी हाय का तुझ्याकडं?"

"हाय," मी म्हणालो.