किती कमी झालं?

“किती आलं ते सोड, कमी किती झालं ते बघ.” चष्मा कपाळावर सरकवून ऑफिसातले आमचे सीनियर, सगळ्यांचे काका, हे म्हणायचे. इकडे परदेशात, ट्रॉय शहरातल्या आमच्या कंपनीत विषारी आणि स्फोटक वायू हुडकणारी यंत्रं बनायची. एका टोकाकडून इन्फ्रारेड प्रकाश सोडायचा, दुसऱ्या टोकाला मोजायचा. वाटेत वायू असला की तो आपल्या वाट्याचा प्रकाश गिळतो. मी नवी होते, सिग्नल आला की खूश व्हायचे. काका मात्र न आलेला शोधत बसायचे.

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, गेलं की जेवणाआधी यजमानांच्या बेसमेंटमध्ये उतरून घर तापवणारी फर्नेस बघून येणारं. काकू म्हणायच्या, यांना लोक जेवायला नाही, इन्स्पेक्शनला बोलावतात.

मग काकू विसरू लागल्या. आधी नावं, मग रस्ते. त्यात कोविडनंतर काकांना वास येईनासा झाला, तो पुन्हा आलाच नाही. मॅनेजरला विचारून त्यांनी ऑफिसातलं गॅस हुडकणारं एक टेस्ट युनिट घरी नेलं आणि शेगडीच्या वर भिंतीला लावलं. मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं होतं.

एका दुपारी ते वाजलं. काका वरच्या खोलीत फोनवर होते. धावत खाली आले तर गॅस पूर्ण सुरू, ज्योत नाही, आणि काकू टेबलाशी शांत बसलेल्या. त्या म्हणाल्या, “अहो, कोणाचं तरी बाळ रडतंय.”

हे त्यांनी मला लंचरूममध्ये सांगितलं, डबा न उघडता. मग त्यांनी गॅसची लाइनच बंद करून घेतली, इलेक्ट्रिक शेगडी आणली. काकू देवाजवळची काडेपेटी घेऊन तिच्यासमोर उभ्या राहायच्या आणि पेटत नाही म्हणून कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. हळूहळू त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणंच सोडलं.

“तिला वाचवलं, की तिचं घर काढून घेतलं, कळत नाही गं,” काका म्हणाले.

पुढे काकूंना केअर होममध्ये ठेवावं लागलं. काका रिटायर झाले आणि रोज दुपारी त्यांना भरवायला जाऊ लागले. गेल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना ते कोसळले, ते उठलेच नाहीत.

त्यांच्या मुलीने आईला ते गेल्याचं दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा काकू पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. “ताई, आता परत नको,” ती मला म्हणाली. “प्लीज, तुम्हीपण सांगू नका.”

आता मी शनिवारी काकूंकडे जाते. परवा काकूंनी शेजारची खुर्ची नीट लावून ठेवली आणि मला तिच्यावर बसू दिलं नाही. हे येतीलच, म्हणाल्या. मी पलंगाच्या कडेला टेकले. बाहेर अंधारून येईपर्यंत आम्ही दोघी दाराकडे बघत होतो.