माझ्या नावाची आंघोळ

सुमे, मी स्टेशनला निघाले तेव्हा अण्णा अंगणातल्या नळापाशी सदरा-धोतरासकट बसून पितळी तांब्याने डोक्यावर पाणी ओतत होते. जुळलेलं लग्न मोडून मी दिल्लीला सिनेमाच्या कामाला चालले, म्हणून माझ्या नावाने आंघोळ. मेलेल्या माणसाची करतात तशी, अंगावरच्या कपड्यांनिशी. "आम्हाला तू मेलीस," म्हणाले आणि तसेच निथळत आत गेले. तू माझ्या हातावर घालायला आणलेलं दही वाटीतच राहिलं. तो तांब्या मी उचलला आणि पिशवीत कोंबला. आई वर्षभर मोलकरणीवर संशय घेत होती, ते पाप माझं.

आर. के. पुरमला मावशीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले. डबिंग स्टुडिओत किंचाळ्या जुळवायचं काम मिळालं, त्यातून पुढे स्वतःच्या भुताच्या फिल्मा. अकरा काढल्या. गुडगावच्या अर्धवट टॉवरांत शूटिंग, कॉर्नफ्लोअर आणि गुलाबाच्या सरबताचं रक्त, आणि भूत बहुतेकदा मीच, कारण मी फुकट. प्रत्येक फिल्ममध्ये एक म्हातारा आंघोळीला बसतो, डोळ्यांत साबण जातो आणि मागे मेलेली मुलगी उभी असते. म्हातारा वाचत नाही. ते काम करणारे पानिपतचे चादरीवाले अंकल एकदा वैतागले, "मॅडम, हर बार मुझे नहाते हुए ही क्यों मारते हो?" मी म्हटलं, "बजेट कम है, लोटा अपना है." खरं कारण तुला आज सांगते. मला अण्णांना मारायचं होतं. अकरा वेळा मारलं तरी मन भरलं नाही.

मग अण्णांचा खुबा मोडला आणि "तुझ्या फ्लॅटला लिफ्ट आहे" म्हणून तू त्यांना इकडे धाडलंस. अच्छा, म्हणजे मेलेल्या मुलीची लिफ्ट चालते. पहिल्याच संध्याकाळी मी मुद्दाम त्यांना टीव्हीवर माझी फिल्म लावून दिली. शेवटपर्यंत बघितली. "तांब्या आपला दिसतोय," एवढंच बोलले. चूक झाली वगैरे काही नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

घराची आठवण येते का, असं तू दर फोनला विचारतेस. तिकडच्या घरात मी मेलेली आहे, त्याची कसली आठवण काढू? इथे रोज सकाळी मी अण्णांना स्टुलावर बसवते आणि त्याच तांब्याने आंघोळ घालते. डोळ्यांत साबण गेला की ते भिंत चाचपत विचारतात, "मागे कोण आहे?" मी ओ देत नाही. पुन्हा विचारतात. शेवटी ते मला नावाने हाक मारतात.

मग मी पाणी ओतते.