कळंबजवळ अडकलेली एसटी

उसाच्या मळीचा वास आला की मला कळंबजवळ अडकलेली ती एसटी आठवते. बारामतीला आई वारली होती. मी आणि थोरला भाऊ दाविद इंदापूरहून तिच्या मातीला निघालो होतो. पुढं साखर कारखान्याजवळ उसाची ट्रॉली उलटली आणि रस्ता बंद झाला. एका भांडणानंतर दाविद कित्येक वर्षं आईशी बोलला नव्हता.

"रूथ, आता माफी कुणाकडं मागू गं?" तो म्हणाला. त्या कोंदट गाडीत त्यानं हात जोडले. "प्रभू, मी चुकलो. तिला सांग," असं म्हणत तो हमसून रडला. हळूहळू त्याचा श्वास शांत झाला. गाडी मात्र जागची हलली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. त्या दिवशी मी देवावर रागावले. आज वाटतं, तो दाविदजवळच बसून होता.